आपोआप तुटलेले स्क्रू

माझ्याकडे आजवर जेवढे तुटलेले स्क्रू आले, त्यातला एकही कोणी तोडलेला नव्हता. सगळे आपोआप तुटले होते. "भालेराव, काय झालं कळलंच नाही. आपोआप तुटला हो!" असं गिऱ्हाईक सांगतं, मी मान डोलावतो आणि मशीन उघडून बघतो, तर स्क्रूच्या भोवती छिन्नीचे घाव, पान्याचे ओरखडे आणि एका बाजूला हातोडीचा गोल शिक्का. "कोणी हात लावला होता का?" असं विचारलं की, "छे छे, कोणीच नाही!" बरं बाबा, भुताने लावला असेल.

ह्या अंकाच्या संपादकबाईंनी मला तुमच्या व्यवसायावर लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा आमची मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांचा कसला व्यवसाय? लोकांनी करून ठेवलेली घाण उपसायची." बायकोने एका वाक्यात सांगितलं ते मी चार पानांत सांगतो, एवढाच फरक.

तर तुटलेला स्क्रू म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. डोकं असलेला स्क्रू कोणीही काढतो. डोकं उडालं आणि धड आत राहिलं, की पकडायला काही उरत नाही. बरं, त्या स्क्रूची किंमत काय? काहीच नाही, हार्डवेअरच्या दुकानात मुठीने मिळतात. किंमत असते ती तो ज्यात अडकलाय त्याची. पंपाची बॉडी असेल, मशीनचा बेड असेल, नाहीतर कोणाच्या आजोबांचं घड्याळ. त्याला ओरखडा न उठवता, त्याचे आतले आटे न बिघडवता स्क्रू बाहेर आला पाहिजे. दाढ काढायची पण जबडा हलता कामा नये, असं ते काम आहे.

त्यासाठी एक हत्यार मिळतं, त्याला आम्ही इझी-आऊट म्हणतो. नाव ठेवणारा माणूस एकतर फार विनोदी असावा, नाहीतर त्याने आयुष्यात कधी ते वापरलेलं नसावं. तुटलेल्या स्क्रूच्या बरोबर मधोमध बारीक भोक पाडायचं. त्यात हा उलट्या आट्यांचा, निमुळता दांडा घालायचा आणि डावीकडे फिरवायचा. फिरवाल तसा तो आत घट्ट रुततो आणि रुतता रुतता स्क्रूला घेऊन बाहेर येतो. हे झालं कागदावर. पण इझी-आऊट कडक असतो आणि कडक माणसासारखाच ठिसूळ असतो. जरा जास्त जोर लावला की टक् करून आतच मोडतो. मग साधा ड्रिल त्याला चावतही नाही. म्हणजे आधी आत एक चोर होता, आता चोराला पकडायला पाठवलेला पोलीसही आत अडकला.

हे सगळं मला शिकवलं गायकवाड मामांनी. अंबरनाथच्या पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो तेव्हा ते तिथले सगळ्यात जुने फिटर होते. मामा म्हणजे काही नात्यातले नव्हेत, सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. बारीक अंगाचे, बोलायला तिखट, आणि हात असा की तुटलेल्या स्क्रूवर नुसता अंगठा ठेवून सांगायचे, "हा येईल," नाहीतर, "हा रडवणार."

मामांचा पहिला नियम असा होता की स्क्रूवर तेल सोडायचं आणि चहाला जायचं. अगदी कोणीही येऊन बोंबलू दे, मॅनेजर येऊ दे, तेल घातलं की मामा अवजारं खाली ठेवून कँटीनकडे चालू लागायचे. मी नवा होतो तेव्हा विचारलं, "मामा, तेल आत झिरपायला वेळ लागतो म्हणून ना?" मामा म्हणाले, "तेल आत झिरपतं ते झिरपतंच. पण आपला राग बाहेर झिरपायला वेळ लागतो, अशक्या. रागातला हात स्क्रूला कळतो."

दुसरा नियम ऐकून तर लोक हसतात. अडकलेला स्क्रू सोडवायच्या आधी किंचित आवळायचा. गंजाची किंवा धातूची जी पकड बसलेली असते ती त्या केसभर आवळण्याने मोडते आणि मग स्क्रू सुटायला राजी होतो. आणि तिसरी त्यांची स्वतःची युक्ती. स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत झाली आणि पेचकस नुसताच गोल फिरायला लागला, की मामा कोणाच्या तरी खिशातलं सिगारेटचं पाकीट मागायचे. स्वतः आयुष्यात विडीला शिवले नाहीत. पाकिटातली चांदी, म्हणजे तो पातळ चंदेरी कागद, काढून खाचेवर ठेवायची, तिच्यावर पेचकस ठेवून हलकेच ठोकायचं. चांदी फटीत दाबली जाते आणि पेचकसाला पकड मिळते. "खायला घाल त्याला," म्हणायचे, "उपाशी माणूस हलत नाही."

इझी-आऊट मात्र मामांनी पुढे पुढे हातात धरणंच सोडून दिलं होतं. का, ते सांगतो, पण त्या जागी आलो की. मला स्वतःलाच तिथे यायला पंचवीस वर्षं लागली.

मामा रिटायर झाले आणि पुढे दोन हजार एक साली आमच्या कारखान्याला कुलूप लागलं. मी पंचेचाळिशीचा, हातात एकच कला. बॅगेत ड्रिल, पंच, तेलाची कुपी, इझी-आऊटचा सेट आणि सिगारेटची चार रिकामी पाकिटं टाकून मी बदलापूरपासून शहाडपर्यंत फिरायला लागलो. लोक मला बोल्टवाले भालेराव म्हणू लागले. बॅगेतली पाकिटं एकदा मंदाच्या हाती लागली. ती रिकामी का असतात हे तिला पटवून देणं हे माझ्या कारकिर्दीतल्या अवघड कामांपैकी एक होतं.

सगळ्यात जास्त कामं उल्हासनगरमध्ये मिळायची. तिथे गल्लोगल्ली जीन्स शिवायचे कारखाने, मशीनं दिवसभर धडधडतात, स्क्रू तुटणारच. माझा एक ठरलेला सिंधी शेठ होता, लछमनदास नाव. जाडजूड माणूस, मनाचा चांगला, पण मशीनच्या बाबतीत स्वतःला इंजिनिअर समजायचा. एकदा त्याचा फोन आला, "साईं, जल्दी आ जाओ. सुई के पास का स्क्रू आपोआप टूट गया." हिंदी बोलतानाही शेठ आपोआप हा शब्द मराठीतूनच वापरायचा. उल्हासनगरात त्या शब्दाचा खप मोठा.

मी गेलो. शेठ दारातच उभा, उजवा हात पँटच्या खिशात. एरवी दोन्ही हात पसरून भेटणारा माणूस. मला वाटलं, हाताला लागलं असेल. मशीन बघितलं तर तुटलेल्या स्क्रूवर काचेसारखं काहीतरी चकाकत होतं.

"शेठ, ह्याला कोणी हात लावला?"

"झूलेलाल की कसम, किसीने नहीं."

"काही चिकटवलंय ह्याच्यावर."

"कंपनी से ऐसा ही आया है."

"शेठ, चहा तरी पाजा."

चहा आला. शेठने डाव्या हाताने कप उचलला. फोन वाजला, तोही डाव्या हाताने. मी म्हटलं, "उजवा हात दाखवा." शेठ आधी नाही म्हणाला, मग सगळ्या शिलाई कामगारांसमोर त्याने हळूच हात खिशातून काढला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना घट्ट चिकटलेलं, आणि त्या दोघांच्या मध्ये खिळा! झालं होतं असं, की शेठने तुटलेल्या स्क्रूवर झटपट गोंद टाकून त्याला खिळा चिकटवला होता आणि खिळा फिरवून स्क्रू काढायचा बेत केला होता. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. फक्त गोंद आट्यांत उतरला आणि खिळ्याने स्क्रू सोडून शेठला धरलं.

त्या दिवशी मी दोन कामं केली. शेठला गरम पाण्यात बोटं बुडवून बसवला आणि स्क्रूला गरम करून गोंद जाळला. स्क्रू आधी निघाला.

"साईं," शेठ नंतर म्हणाला, "सच बोलता तो आप हंसते."

"आता काय रडतोय का मी?"

खरं सांगतो, मला ह्या लोकांचा राग कधी आला नाही. हसू यायचं आणि जरा तोराही यायचा, की बघा, सगळं जग खोटं बोलतं आणि आपण एकटे खरे. तो तोरा कसा उतरला ते आता ऐका.

दोन हजार सहाच्या दिवाळीच्या आधी, मंदा चार महिने सांगत होती तो पडद्याचा दांडा लावायला मी घेतला. भिंतीत जुना स्क्रू तुटून बसला होता. दुसऱ्यांकडे गेलो असतो तर तेल घातलं असतं, चहा मागितला असता. घरच्या कामाला कसला चहा! प्लास्टिकच्या स्टुलावर चढलो, पक्कड लावली, हिसका दिला. स्क्रू निघाला. मीही निघालो. डाव्या पायाची नडगी गुडघ्याच्या खालीच मोडली. शेजारी धावत आले, काय झालं म्हणाले.

"स्टूल आपोआप सरकलं," मी म्हणालो.

मंदाने माझ्याकडे असं बघितलं की पायापेक्षा ते जास्त लागलं.

बदलापुरातच एका छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर वर्तकांनी माझ्या नडगीला धातूची पट्टी लावली आणि ती सात स्क्रूंनी हाडाला आवळली. डॉक्टर तरुण, हुशार, बोलायला गोड. हाड छान जुळलं. पण सगळ्यात वरच्या स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचायला लागलं. चालायला काही नाही, पण उकिडवं बसलो की अशी कळ यायची की डोळ्यांसमोर काजवे. आणि फिटरला उकिडवं बसता आलं नाही तर तो काय कामाचा? पंप जमिनीवर असतो, मशीनचे बोल्ट खालच्या अंगाला असतात. खुर्चीवर बसून बघितलं. खुर्चीवर बसून जो काम करतो त्याला फिटर म्हणत नाहीत, सुपरवायझर म्हणतात. दीड वर्ष मी घरात बसून मंदाला भाजी कशी चिरायची ते सांगत होतो. शेवटी तीच डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "ती पट्टी काढा, नाहीतर मला भरती करून घ्या."

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यावर लावला आणि मी एका नजरेत ओळखलं.

"डॉक्टर, हा वरचा स्क्रू तिरका गेलाय. बाकी सहांची डोकी पट्टीत बसलीत, ह्याचं एका बाजूने वर आलंय. आट्यावर आटा चढलाय."

डॉक्टर हसले. "काका, एक्स-रेच्या कोनामुळे तसं दिसतं. हाड म्हणजे पंप नव्हे."

"हाड पंप नसेल, पण स्क्रू तर स्क्रूच आहे ना?"

"तुम्ही काळजी करू नका. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम! हे वाक्य मी स्वतः किती गिऱ्हाइकांना ऐकवलंय, माझं मला माहीत.

ऑपरेशन सकाळी होतं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं सगळं बधिर केलं, पण मी टक्क जागा. छातीसमोर हिरवा पडदा, पलीकडे डॉक्टर, एक सिस्टर आणि उशाशी भूल देणाऱ्या बाई. दिसत काही नव्हतं. पण माझे कान शाबूत होते, आणि तीस वर्षं मी डोळ्यांपेक्षा कानांनीच काम केलंय. पहिला स्क्रू करकरत निघाला आणि ट्रेमध्ये पडला, टण्. दुसरा टण्. मी मोजत होतो. सहा झाले. मग सातवा, तो वरचा.

पडद्यामागून आवाज आला, कट्.

"घसरला," मी म्हणालो.

"काका, शांत पडून राहा."

पुन्हा कट्. ह्या वेळी जरा मोठा. मला घाम फुटला. त्या स्क्रूच्या डोक्यात सहा कोपऱ्यांची खाच असते, तिच्यात दांडा बसवून फिरवतात. एकेकदा घसरला की एकेक कोपरा जातो. सहाही गेले की खाच गोल, आणि मग ब्रह्मदेव आला तरी तो स्क्रू फिरत नाही.

"डॉक्टर, तिसऱ्यांदा फिरवू नका! कोपरे चाललेत!"

"ह्यांना थोडं झोपवू का?" भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं.

पडद्यापलीकडे सगळं थांबलं. मग डॉक्टरांचं तोंड पडद्यावरून वर आलं. टोपी, मास्क, मध्ये दोन डोळे. ते डोळे मी ओळखले. स्क्रू तुटल्यावर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाचे तेच डोळे असतात.

"काका, खरं सांगतो," ते म्हणाले. "हा नाही निघाला तर मला पट्टी कापावी लागेल. कापताना हाडाला धक्का बसला तर पुन्हा प्लास्टर."

"आणि उकिडवं बसणं?"

"ते मग मी सांगू शकत नाही."

म्हणजे दीड वर्षाचं बसणं जन्मभराचं होणार होतं. माझी बॅग, माझे पंच, उल्हासनगरचे शेठ, सगळं त्या एका तिरक्या स्क्रूत अडकलं होतं. आणि मी हात बांधून पडलेला, ज्याने असे हजार स्क्रू काढले तो! मला आतून रडू येत होतं आणि तोंडातून मामा बोलायला लागले.

"डॉक्टर, चहा पिऊन या."

"काय?"

"चहा. पाच मिनिटं."

"काका, तुमचा पाय उघडा आहे!"

"मग नुसतं हात बाजूला करून उभे राहा. हात चिडलेत तुमचे. चिडलेला हात स्क्रूला कळतो."

सिस्टर फिस्सकन हसली. पण डॉक्टर उभे राहिले, खरंच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पुढे?"

"आता खाच साफ करा. टोकदार काहीतरी घेऊन कोपऱ्यांतला सगळा कचरा काढा."

"कचरा नव्हे काका, टिशू."

"माझ्याच अंगातला आहे ना, मी काय म्हणायचं ते म्हणेन. साफ केलं? आता चांदी पाहिजे. सिगारेटच्या पाकिटातली."

"ऑपरेशन थिएटरमध्ये सिगारेट?" भूल देणाऱ्या बाई किंचाळल्याच.

"चांदीचा कागद हो! पातळ. खाचेत भरायला."

तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "सर, टाक्याच्या दोऱ्याचं पाकीट आतून चांदीचंच असतं. निर्जंतुक पण असतं." त्या पोरीचं कल्याण होवो. माझ्या हाताखाली असती तर वर्षात तयार केली असती.

पडद्यामागे पाकीट फाडल्याचा आवाज आला. मी सांगत गेलो. चांदी खाचेवर ठेवा, वरून दांडा सरळ उभा धरा, तिरका नको, आणि हातोडीने हलके तीन ठोके द्या. ठोके पडले. पायाला काही कळत नव्हतं, पण तो धक्का हाडातून चढत माझ्या दातांपर्यंत आला.

"आता आवळा."

"आवळू? काका, काढायचाय ना?"

"केसभर आवळा. जोर मनगटाचा नको, खांद्याचा द्या. हळू. आवळा म्हणतो ना!"

डॉक्टरांवर असं खेकसल्याचं मला नंतर फार वाईट वाटलं. तेव्हा अजिबात वाटलं नाही.

आणि आवाज झाला. टक्.

आमच्या धंद्यात टक् दोनच वेळा वाजतं. एक म्हणजे मोडल्यावर, आणि दुसरं पकड सुटल्यावर. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. हा कुठला, ते त्या क्षणी मलाही ओळखता येईना, कारण हाडातून आलेला टक् मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

"आता उलटा फिरवा," मी कसाबसा म्हणालो.

कर्र. मग पुन्हा कर्र. जुनं दार उघडावं तसा लांब, नाखूश आवाज. आणि मग ट्रेमध्ये सातवा, टण्! सिस्टरने टाळीच वाजवली. भूल देणाऱ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "काका, आता तरी झोपता का?"

दुपारी डॉक्टर वर्तक माझ्या खाटेशी आले. हातात छोटी बाटली, तिच्यात तो स्क्रू. मंदा शेजारी बसून सफरचंद कापत होती. मी मनात म्हटलं, आता हे सांगणार की स्क्रू कंपनीतूनच तसा आला होता, नाहीतर हाड वाढल्यामुळे आपोआप तिरका झाला.

डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही बरोबर होता. तिरका गेला होता. मीच घातला होता. त्या दिवशी पुढचा पेशंट थांबला होता, घाई केली आणि आटे नीट बसलेत का ते बघितलं नाही. तुमचं दीड वर्ष गेलं. चूक माझी."

एवढंच बोलले, बाटली माझ्या हातात दिली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी त्या बाटलीकडे बघत बसलो. तीस वर्षांत पहिला माणूस भेटला होता ज्याचा स्क्रू आपोआप तुटला नव्हता. मंदाने सफरचंद पुढे केलं, ते मी नुसतंच हातात धरून ठेवलं. तिने विचारलं, "काय झालं? दुखतंय का?" मग मी तिला ते सांगितलं, जे लग्न झाल्यापासून तिलाही सांगितलं नव्हतं.

मी कारखान्यात लागून तीन-चार वर्षं झाली होती. एका मोठ्या पंपाच्या बिडाच्या बॉडीत बोल्ट तुटला होता. माल त्याच आठवड्यात जायचा होता. मामांनी भोक पाडलं, स्टोअरमधून इझी-आऊट आणला. आमच्याकडे पद्धत अशी, की हत्यार घेताना आपल्या नंबरचं पितळी टोकन स्टोअरच्या खिळ्याला अडकवायचं. टोकन ज्याचं, जबाबदारी त्याची. मामांनी इझी-आऊट भोकात बसवला, तेल सोडलं आणि म्हणाले, "चल अशक्या, चहाला." मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." मला दाखवायचं होतं. मामा परत येईपर्यंत बोल्ट हातात ठेवायचा आणि म्हणायचं, घ्या. मी पाना लावला, फिरवला, हलेना. अजून जोर दिला. टक्.

मामा आले. बघितलं. मी काय म्हणालो माहीत आहे? "मामा, मी हातच लावला नाही. तुम्ही बसवून गेलात तेव्हाच तडकला असणार. आपोआप तुटला."

टोकन मामांचं होतं. लेखी ताकीद मामांना मिळाली. त्या वर्षी बढती मिळून ते चार्जमन व्हायचे होते, तेही हुकलं. पण ते काहीच नव्हे. खरी गोष्ट अशी की मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्याच हाताने जास्त दाब दिला असं त्यांनी धरून चाललं. त्या दिवसापासून त्यांनी इझी-आऊट कधी हातात घेतला नाही. "माझ्या हाताचा अंदाज गेला रे," म्हणायचे, आणि मी शेजारी उभा राहून चांदीच्या युक्त्या शिकत होतो.

मंदाने सगळं ऐकून घेतलं. सुरी पुसली. म्हणाली, "पाय बरा झाला की आधी तिकडे जा. उल्हासनगर नंतर."

दीड-दोन महिन्यांनी मी अंबरनाथला मामांच्या घरी गेलो. मामा पंचाहत्तरीच्या पुढचे, ओट्यावर उन्हाला बसले होते, मामी आत स्वयंपाक करत होत्या. "जय भीम, मामा," म्हटलं. "जय भीम! अरे, अशक्या! ये, खुर्ची घे." मी खुर्ची घेतली नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसलो, पूर्ण, टाचा टेकवून. कुठेच कळ आली नाही. मामांना पायाची सगळी गोष्ट सांगितली, चांदीची युक्ती ऑपरेशन थिएटरमध्ये चालली हे सांगितलं, तर म्हातारा लहान मुलासारखा हसला. मामींना हाका मारून सांगत होता, "ऐकलंस का, आपली चांदी डॉक्टरने वापरली!" हसताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आता सांगू नये असंच मला वाटलं. आनंदात होते. पण बाटली माझ्या खिशात होती आणि मांडीला लागत होती.

"मामा," मी म्हणालो, "त्या पंपातला इझी-आऊट तुमच्या हातून मोडला नव्हता. तुम्ही चहाला गेलात आणि मी फिरवला. मी मोडला."

मामांचं हसू थांबलं. कुठला पंप, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि उलटासुलटा करून बघितला. बोटं मिटली, उघडली. आता थरथरतात ती, वयामुळे.

"म्हणजे ह्याचा अंदाज गेला नव्हता," ते म्हणाले.

"नाही मामा. कधीच गेला नव्हता."

मी तसाच उकिडवा बसून होतो. शिवी देतील, हाकलून देतील, कानाखाली देतील. काहीही चाललं असतं मला.

तेवढ्यात मामींनी आतून विचारलं, "अहो, अशोकला चहा टाकू ना?"

मामांनी हात खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत आत ओरडले, "नको! तेल घालून चहाला जा म्हटलं, तर पंचवीस वर्षांनी परत आलाय हा. भरपूर प्यायलाय!"